प्रवासी अडकले, खोळंबले की रखडले?

प्रश्न असा आहे: इंग्रजी बातमीत ‘स्ट्रँडेड’ शब्द आला की मराठीत कधी ‘अडकलेले’, कधी ‘खोळंबलेले’, तर कधी ‘रखडलेले’ छापून येतं. हे सगळे एकाच अर्थाचे का? नसतील, तर कुठे कोणता घ्यायचा?

एकाच अर्थाचे नाहीत. ‘स्ट्रँडेड’च्या सर्वांत जवळ जाणारा मराठी प्रयोग ‘अडकून पडणे’ हा आहे, आणि त्यातलं निम्मं काम ‘अडकणे’ नव्हे, तर ‘पडणे’ करतं. बाकीची क्रियापदं त्याच आळीत राहतात, पण प्रत्येकाचं घर वेगळं.

आधी इंग्रजी शब्दाचं मूळ पाहू, कारण अर्थाची छटा तिथेच आहे. ‘स्ट्रँड’ म्हणजे जुन्या इंग्रजीत पाण्याचा काठ, किनारा. कुलाब्यात समुद्राला लागून असलेल्या रस्त्याचं जुनं नाव स्ट्रँड रोड होतं, कोलकात्यात हुगळीकाठी आजही स्ट्रँड रोड आहे, ते याच अर्थाने. वारा किंवा भरती जहाजाला किनाऱ्यावर नेऊन टाकते आणि पाणी ओसरतं. जहाज धड असतं, पण त्याला चालवणारं पाणीच निघून गेलेलं असतं. म्हणजे ‘स्ट्रँडेड’मध्ये दोन गोष्टी हव्यात: पुढे किंवा मागे जाण्याचं साधन हातातून गेलेलं, आणि ते परत मिळवणं आपल्या हातात नाही. नुसता उशीर म्हणजे ‘स्ट्रँडेड’ नव्हे.

आता आपला शब्द. ‘अडकणे’ला काळाचं बंधन नाही. शर्टाची बाही खिळ्याला अडकते आणि लगेच सुटते. घशात काटा अडकतो. ‘कामात अडकलोय, दहा मिनिटांत निघतो’ म्हणणारा माणूस काही संकटात नसतो. त्याला ‘पडणे’ जोडलं की वाक्याचं वजन बदलतं. ‘कामात अडकून पडलो’ म्हणजे दिवस गेला आणि इलाज नव्हता. आजारी पडणे, बंद पडणे, ओस पडणे, एकटं पडणे या सगळ्यांत हेच ‘पडणे’ आहे: आपण केलेलं नाही, आपल्यावर आलेलं, आणि लगेच उठता न येणारं. म्हणून ‘पुरात अडकले’ ही घटना झाली, ‘पुरात अडकून पडले’ ही अवस्था झाली. मथळ्यात जागा नसते तेव्हा नुसतं ‘अडकले’ चालतं, पण मजकुरात निदान एकदा तरी ‘अडकून पडले’ येऊ द्या.

सहायक क्रियापद बदललं की अर्थ सरकतो. ‘अडकून राहिले’मध्ये फक्त काळ लांबतो, असहायता तितकी जाणवत नाही. ‘अडकून बसलाय’मध्ये थोडा दोष त्या माणसावरच येतो: ‘भाऊबंदकीच्या दाव्यात अडकून बसलाय.’ आणि ‘अडकून’ऐवजी ‘अडून’ लिहिलं तर गाडी भलत्याच रुळावर जाते. ‘प्रवासी स्थानकात अडून बसले’ याचा अर्थ प्रवाशांनी हट्ट धरला, मागणी मान्य झाल्याशिवाय हलणार नाही म्हणाले. ही चूक घाईत टाइप करताना सर्रास होते, आणि शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर ती पकडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत.

‘अडणे’ मात्र कमी लेखू नका. अडकणं जागेत होतं, अडणं गरजेपोटी होतं. ‘त्याच्यावाचून माझं काही अडत नाही’ या वाक्यात कुणीही कुठेही अडकलेलं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तो गरजेपायी. बाळंतपणात ‘बाई अडली’ म्हणतात, तिथे तर जिवावर बेतलेलं असतं. इंग्रजीत पाकीट मारलं गेल्यावर परक्या गावी हताश उभ्या असलेल्या माणसालाही ‘स्ट्रँडेड’च म्हणतात. मराठीत तो ‘अडकलेला’ नाही; गाड्या सुरू आहेत, रस्ते मोकळे आहेत. तो पैशांवाचून ‘अडलेला’ आहे. ‘अडल्यानडल्याला मदत करावी’ म्हणतात ती याच माणसाला.

शब्द निवडायला एक सोपी कसोटी आहे. हे संकट संपल्यावर तुम्ही पुढचं वाक्य काय लिहिणार, ते आधी मनात म्हणून पाहा. अडकलेल्याची ‘सुटका’ होते. खोळंबलेल्याची ‘वाट मोकळी’ होते. रखडलेलं काम ‘मार्गी लागतं’. रुतलेली गाडी ‘बाहेर काढतात’. अडलेल्याची ‘नड भागते’. ताटकळणाऱ्यासाठी ‘एकदाचं दार उघडतं’ किंवा ‘एकदाचे साहेब येतात’. शेवट जुळला नाही तर सुरुवातीचा शब्द चुकलाय. २०१९च्या जुलैमधली महालक्ष्मी एक्स्प्रेस घ्या. २६ तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली गाडी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान थांबली, उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं, आणि दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. इथे ‘प्रवासी खोळंबले’ लिहिणं म्हणजे प्रसंग हलका करणं. खोळंबलेल्या प्रवाशांना बोटीत घालून न्यावं लागत नाही.

तेच त्या रात्री कर्जत मार्गावर इतर स्थानकांवर गाडीची वाट पाहत असलेल्यांचं काय? ते खोळंबले होते.

‘खोळंबणे’चा गाभा आहे थांबून राहणं, आणि तेही कुणासाठी किंवा कशामुळे तरी. घराघरांतला प्रयोग ऐका: ‘माझ्यासाठी जेवायचे खोळंबू नका.’ पानं वाढलेली आहेत, भात निवतोय, आणि एका माणसाच्या येण्यावर सगळे थांबलेत. यात धोका नाही, पण एकाचं थांबणं दुसऱ्याच्या हातात आहे. खोळंबा हा नेहमी असा साखळीचा असतो: पुढचं काही थांबलं म्हणून मागचं थांबलं. म्हणूनच घाटात ट्रक बंद पडला तर ट्रक ‘बंद पडला’, वाहतूक ‘खोळंबली’, प्रवाशांचा ‘खोळंबा झाला’. नाम वापरताना षष्ठी लागते (प्रवाशांचा, आमचा), आणि क्रियापद खोळंब्याप्रमाणे पुल्लिंगी एकवचनी राहतं. ‘प्रवाशांचे खोळंबा झाले’ असं वाक्य दिसतं, ते ‘हाल झाले’च्या सवयीने. हाल अनेकवचनी, खोळंबा एकवचनी.

‘रखडणे’ त्याहून वेगळं. त्यात थोडी हालचाल आहे. गुजरातीत ‘रखडवुं’ म्हणजे भटकणं. मराठीत भटकणं राहिलं नाही, पण पाय ओढत, थांबत-थांबत जाणं राहिलं. ‘लोकल रखडल्या’ म्हणजे लोकल चालू आहेत, पण दोन स्थानकांमध्ये थांबत उशिरा येतायत. ‘लोकल ठप्प’ म्हणजे बंद. हा फरक मुंबईच्या वाचकाला जेवणाच्या डब्याइतका जवळचा आहे: पहिलं वाचून तो उशिरा का होईना निघतो, दुसरं वाचून घरी थांबतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी लोकल ‘रखडल्या’ म्हणणं म्हणजे थट्टाच. त्या ठप्प होत्या आणि लोक कार्यालयांत, बसगाड्यांत, शाळांत अडकून पडले होते.

माणसासाठी ‘रखडणे’ जपून वापरा. ‘रखडलेले प्रवासी’ कानाला खटकतं; माणसाची ‘रखडपट्टी होते’. कामं, प्रकल्प, निकाल, नेमणुका, भरती हे मात्र हक्काने रखडतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११मध्ये सुरू झालं आणि दशकभरानंतरही पुरं झालं नव्हतं. त्यामुळे गणपतीच्या आधीची बातमी एका वाक्यात अशी बसते: रखडलेल्या महामार्गावर चाकरमानी खोळंबले. महामार्ग खोळंबत नाही, चाकरमानी रखडत नाहीत.

‘ताटकळणे’ आणि ‘तिष्ठणे’ ही वाट पाहण्याची क्रियापदं आहेत. संस्कृत ‘तिष्ठति’ म्हणजे उभा राहतो; त्यावरून ‘तिष्ठत’. आज ते जवळपास याच एका रूपात उरलंय: तिष्ठत बसणे, तिष्ठत ठेवणे. ‘तो तिष्ठला’ कुणी म्हणत नाही. ‘ताटकळत’मध्ये पाय दुखणं ऐकू येतं, म्हणून ते रांगेला, दवाखान्याच्या बाकाला, एसटीच्या फलाटाला शोभतं. दोन्हींत एक छुपा मान-अपमान आहे: ज्याच्यासाठी ताटकळलो त्याला आपली पर्वा नव्हती. विमानतळावर धुक्यामुळे रात्र काढणारे प्रवासी ‘अडकून पडले’; पण विमान कंपनीने काही सांगितलंच नाही, काउंटरवर कुणी आलंच नाही, तर ते ‘ताटकळत राहिले’. धुकं माणसाला ताटकळवत नाही, माणूसच ताटकळवतो.

हे सगळे फरक एकाच प्रसंगात पाहायचे असतील, तर सुएझ कालव्यातलं ‘एव्हर गिव्हन’ जहाज घ्या. २३ मार्च २०२१ रोजी हे ४०० मीटर लांबीचं जहाज जोरदार वाऱ्यात आडवं झालं आणि त्याचं नाळेकडचं, म्हणजे पुढचं, टोक काठात घुसलं. इथे क्रियापद ‘रुतलं’. वाळू, चिखल, गाळ, दलदल यांनी धरून ठेवलं की रुतणं. कर्णाच्या रथाचं चाकही रुतलंच होतं. ‘जहाज अडकलं’ हेही बरोबर, पण कसं अडकलं ते त्यातून कळत नाही. त्याच्यामागे आणि कालव्याच्या दोन्ही तोंडांशी साडेतीनशेहून अधिक जहाजं थांबली. ती ‘खोळंबली’: त्यांना काही झालं नव्हतं, पुढचं हलण्याची वाट होती. जागतिक व्यापाराची मालवाहतूक ‘रखडली’. २९ मार्चला गाळ उपसून, टगबोटींनी ओढून जहाज ‘बाहेर काढलं’. पण गोष्ट संपली नाही. नुकसानभरपाईच्या वादापायी इजिप्तने ते ग्रेट बिटर सरोवरात जुलैपर्यंत ‘अडवून ठेवलं’. आता ते रुतलेलं नव्हतं, पाण्यात तरंगत होतं, अडवणारा होता. आणि जहाजावरचे २५ भारतीय कर्मचारी? ते ‘अडकून पडले’. इंग्रजी बातम्यांत यातल्या तीन-चार अवस्थांना ‘स्ट्रँडेड’ आणि ‘स्टक’ एवढ्यावर भागतं. मराठीत भागवू नये.

जहाजाबद्दल आणखी एक सापळा. ‘किनाऱ्याला लागणे’ हा वाक्प्रचार शुभ आहे. नाव किनाऱ्याला लागली म्हणजे प्रवास सुखरूप पार पडला, संसार मार्गी लागला. त्यामुळे जून २०२०च्या निसर्ग वादळात रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळलेल्या ‘बसरा स्टार’ जहाजाबद्दल ‘किनाऱ्याला लागलं’ लिहिलं, तर वाचकाला ते सुटलं असं वाटेल. तिथे ‘किनाऱ्यावर येऊन रुतलं’ किंवा ‘खडकांवर आदळलं’ म्हणा. मासा आणि देवमासा यांना मात्र हाच वाक्प्रचार चालतो, तोही बहुधा मेलेल्याला: ‘मृत देवमासा किनाऱ्याला लागला.’ नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं जिवंत पिल्लू आलं आणि त्याला पाण्यात परत ढकलण्यासाठी कित्येक तास खटपट चालली. तिथे ‘वाळूत अडकलं’ हेच योग्य, कारण सुटकेची आशा अजून होती.

‘फसणे’बद्दल सावध राहा. हिंदी वृत्तसंस्थेची ‘फंसे यात्री’ ही ओळ मराठीत ‘फसलेले प्रवासी’ होऊन येते. प्रमाण मराठीत फसणं म्हणजे आधी फसवलं जाणं, मग अपयशी होणं: ‘प्रयोग फसला’, ‘व्यवहारात फसलो’. ‘चारधामला फसलेले प्रवासी’ वाचून वाटतं, एजंट पैसे घेऊन पळाला. चाक चिखलात ‘फसलं’ असं बोलण्यात ऐकू येतं, विदर्भात तर विशेष, आणि चाकाच्या बाबतीत गैरसमज व्हायला जागाही नाही. माणसांच्या बाबतीत आहे. एजंट खरोखरच पळाला असेल, तर ‘वाऱ्यावर सोडलं’ हा आपला नेमका शब्द आहे. पण तो आरोप आहे, बातमीत वापरताना कुणी कुणाला सोडलं याचा पुरावा हवा.

तसंच गाव अडकत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात शिरोळ तालुक्यातली गावं पाण्याने वेढली गेली. गावाला ‘वेढा पडतो’, गावाचा ‘संपर्क तुटतो’, गावात माणसं-जनावरं ‘अडकून पडतात’. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ बंद झाला तेव्हा शेकडो ट्रक ‘खोळंबले’ की ‘अडकून पडले’? पहिल्या दिवशी खोळंबले. चालकांचे पैसे आणि शिधा संपत आला, तेव्हापासून अडकून पडले. एकाच प्रसंगात दुसऱ्या दिवशी क्रियापद बदलणं ही चूक नाही, अचूकता आहे.

सुनीता विल्यम्स यांच्याबद्दल हाच वाद झाला. ५ जून २०२४ रोजी आठेक दिवसांसाठी अवकाश स्थानकावर गेलेल्या विल्यम्स आणि बुच विल्मोर मार्च २०२५मध्ये परतले. आपल्याकडे ‘अवकाशात अडकल्या’ हा मथळा महिनोन्‌महिने चालला. नासा मात्र ‘स्ट्रँडेड’ शब्द मान्य करत नव्हती. वर सांगितलेली अट लावून पाहा: परतण्याचं साधन हातातून गेलं होतं का? ते ज्यातून गेले होते ते स्टारलायनर यान सप्टेंबरच्या सुरुवातीला रिकामं परत आलं. पण त्याच महिन्याच्या अखेरीस दोन जागा रिकाम्या ठेवून गेलेलं ड्रॅगन यान स्थानकाला जोडलं गेलं, म्हणजे परतीची गाडी दारात उभी होती. तिथून पुढे ‘मुक्काम लांबला’ हे अधिक प्रामाणिक. ‘अडकून पडल्या’ लिहायचंच असेल, तर सप्टेंबरपर्यंतच्या काळासाठी लिहा.

कार्यालयीन मराठीत या क्रियापदांतून दोष कुणाचा हे ठरतं, हे ध्यानात ठेवा. फाईल ‘पडून आहे’ म्हणजे दुर्लक्ष. ‘रखडली’ म्हणजे व्यवस्था ढिम्म. ‘अडकली’ म्हणजे कुठल्या तरी एका टेबलावर काही कारणाने थांबली. ‘अडवली’ म्हणजे कुणीतरी मुद्दाम थांबवली, आणि ‘अडवणूक’ म्हणजे बहुधा काहीतरी हवं आहे. तक्रार अर्जात ‘अडवणूक’ लिहिण्याआधी तारखा आणि पत्रांचे जावक क्रमांक हाताशी असू द्या. नसतील तर ‘प्रलंबित’ या सरकारी शब्दाने काम निभावतं.

स्वतः अडकलात तर मदत मागताना ‘आम्ही अडकलोय, मदत करा’ एवढं पुरत नाही, कारण अडकण्याच्या एवढ्या तऱ्हा आहेत. ११२ला सांगताना किंवा गावाकडे निरोप पाठवताना जागा, वेळ, कशाने अडकलो आणि काय नाही, हे चार तुकडे एका दमात यायला हवेत. उदाहरणार्थ: ‘आंबेनळी घाटात, पोलादपूरकडून वर येताना, रात्री नऊपासून अडकलो आहोत. पुढे-मागे दोन्हीकडे दरड आहे. पाच जण, त्यांत एक म्हातारी. तिचं इन्सुलिन उद्या सकाळपर्यंतच आहे. पाणी आहे, खाणं नाही. फोनची बॅटरी २० टक्के.’ ऐकणाऱ्याला यातून जेसीबी पाठवायचा की आधी औषध घेऊन माणूस, हे ठरवता येतं.

लेखनातल्या चुकाही ठरलेल्या आहेत. खोळंबा, ताटकळत यांत ‘ळ’ आहे, ‘ल’ नाही. तिष्ठतमध्ये ‘ष्ठ’, ‘ष्ट’ नाही. रुतणेचा ‘रु’ ऱ्हस्व. ‘अडकले गेले’ हा प्रयोग टाळा. अडकणे अकर्मक आहे, त्याला ‘गेले’ची गरज नाही. ‘अडकवले गेले’ व्याकरणाने बरोबर, पण अर्थ बदलतो: कुणीतरी गोवलं.

शेवटी, ‘स्ट्रँडेड’ दिसला की प्रत्येक वेळी अडकणंच असतं असं नाही. इलेक्ट्रिकच्या सामानाच्या माहितीपत्रकात ‘स्ट्रँडेड कॉपर वायर’ असते, आणि यंत्राने केलेल्या भाषांतरात ती ‘अडकलेली तांब्याची तार’ होते. हा दुसराच ‘स्ट्रँड’ आहे: धाग्याचा, दोरीचा पदर. ही तार म्हणजे अनेक बारीक तारा पिळून केलेली. दुकानात तिला मल्टीस्ट्रँड म्हणतात. मराठीत लिहायचं झालं तर ‘अनेक पदरी तार’. वेणी तीन पदरी असते, तशी.